डॉन लेस्ली आणि फिरता कर्णा

गणपतीत, लग्नात किंवा आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात वाजणारा कुठलाही बऱ्यापैकी कीबोर्ड घ्या. ऑर्गनचा आवाज निवडला की 'रोटरी' नावाचं एक बटण सापडतं. दाबलं की सपाट सूर एकदम थरथरायला, गरगरायला लागतो. त्या बटणामागे एक माणूस आहे, डॉन लेस्ली. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, रिकाम्या वेळात आवाजाचे प्रोग्रॅम लिहितो, आणि गेले वर्षभर या माणसाच्या यंत्राची नक्कल कोडमध्ये उतरवतोय. म्हणून त्याच्याविषयी थोडं.

लेस्लीचा जन्म 1911चा, इलिनॉय राज्यातल्या डॅनव्हिलचा. पण तो वाढला कॅलिफोर्नियात, ग्लेंडेलमध्ये. तरुणपणी लॉस एंजेलिसच्या बार्कर ब्रदर्स या मोठ्या दुकानात तो रेडिओ दुरुस्त करायचा. त्याच दुकानात हॅमंड ऑर्गन विकायला असत. हे वाद्य तेव्हा नवंच होतं, 1935 साली बाजारात आलेलं. लॉरेन्स हॅमंड हा मूळचा घड्याळं बनवणारा इंजिनिअर. स्वतःला वाद्य वाजवता येत नसे, पण घड्याळाच्या मोटरवर दातेरी चकत्या फिरवून त्याने वीजेतून सूर काढला होता.

दुकानाच्या प्रशस्त दालनात लेस्लीला हा ऑर्गन भारी आवडला. 1937च्या सुमारास त्याने एक विकत घेतला. हॅमंडचा स्पीकर महाग, म्हणून तेवढा घेतला नाही, म्हणाला स्वतःच बनवू. घरी आणून लावला आणि सगळा विरस झाला. लहान खोलीत तोच आवाज निर्जीव, चिकटल्यासारखा. मला इथेच हा माणूस आवडायला लागतो. दुसरा कुणी असता तर वाद्य परत केलं असतं किंवा मोठं घर शोधलं असतं. लेस्लीने विचार केला की पाइप ऑर्गनमध्ये प्रत्येक सूर वेगळ्या नळीतून, वेगळ्या जागेवरून येतो. इथे सगळे सूर एकाच भोकातून येतात. मग ते भोकच हलवलं तर?

बरेच प्रयोग करून तो ज्या रचनेवर आला, ती अजून तशीच आहे. एका लाकडी कपाटात वर फिरणारा कर्णा, तार सुरांसाठी. त्याला दोन तोंडं दिसतात, पण आवाज एकातूनच येतो, दुसरं फक्त तोल सांभाळायला. खाली खर्जाचा स्पीकर जमिनीकडे तोंड करून बसवलेला आणि त्याखाली फिरणारा ढोल. कर्जतच्या फलाटावरून गाडी शिट्टी मारत गेली की शिट्टीचा सूर जवळ येताना चढतो, लांब जाताना उतरतो, तोच डॉप्लर परिणाम इथे मिनिटाला सुमारे 400 वेळा होतो. हिशोब करून बघा. कर्ण्याची त्रिज्या साधारण 20 सेंटिमीटर धरली तर तोंडाचा वेग सेकंदाला 8 मीटरच्या आसपास जातो, म्हणजे सूर अडीच टक्क्यांच्या आत वर-खाली होतो. अर्ध्या स्वरापेक्षाही कितीतरी कमी. पण कानाला तेवढं पुरतं.

लेस्लीने हे हॅमंड कंपनीला दाखवलं. कंपनीने नाकारलं. लॉरेन्स हॅमंडला आपल्या वाद्याला दुसऱ्याचं ठिगळ नकोच होतं. मग लेस्लीने पॅसाडिनामध्ये स्वतःची इलेक्ट्रो म्युझिक ही कंपनी काढली. हॅमंडच्या विक्रेत्यांना लेस्लीचे स्पीकर विकायला मनाई होती, तरी वाजवणारे दोन्ही घेत आणि घरी जोडत. चर्चमध्ये, जॅझच्या क्लबात, पुढे रॉकमध्ये हीच जोडी गाजली. 1966मध्ये बीटल्सनी 'टुमॉरो नेव्हर नोज'मध्ये जॉन लेननचा गाता आवाजच या कपाटातून काढला. ऑर्गनसाठी केलेली वस्तू माणसाच्या गळ्याला लावायची, हे लेस्लीच्या डोक्यात कधी आलं असेल असं मला वाटत नाही.

1965 साली त्याने कंपनी सीबीएसला विकली. आणि गंमत बघा, 1980मध्ये हॅमंड कंपनीनेच लेस्ली हे नाव सीबीएसकडून विकत घेतलं. लॉरेन्स हॅमंड तोवर गेला होता, 1973लाच.

आता नक्कल. सूर किंचित उशिरा सोडायचा आणि तो उशीर सतत कमी-जास्त करत राहायचा, की डॉप्लर आपोआप मिळतो. हा उशीर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका इकडेतिकडे होतो. सीडीच्या दर्जाच्या आवाजात ते जेमतेम पंचवीसेक नमुने, आणि दोन नमुन्यांच्या मधली किंमतही काढावी लागते, नाहीतर कचकच ऐकू येते. हे जमतं. खरी डोकेदुखी आहे वेग बदलताना. कर्णा हलका, सेकंदाभरात पळायला लागतो. ढोल जड, त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. मधल्या त्या काही सेकंदांत दोघं एकमेकांशी जुळत नाहीत, आणि वाजवणारे नेमके त्याच क्षणासाठी पायाने किंवा हाताने तो खटका मारतात. जुन्या ऑर्गनवाल्यांचे कान इथेच नक्कल पकडतात.

दुसरी अडचण खोलीची. बहुतेक प्रोग्रॅम दोन मायक्रोफोनना काय ऐकू येईल ते करतात. पण लेस्लीच्या कपाटातून आवाज चारही भिंतींवर फिरत आदळतो, प्रत्येक भिंतीवरून वेगळ्या वेळी, वेगळ्या चढाने परततो. हेडफोनमध्ये माझा कोड छान वाजतो. खऱ्या कपाटाशेजारी उभं राहिलं की छातीवर वारा आणि खर्ज दोन्ही येतात, ते दोन छोट्या स्पीकरमधून येत नाही. ते जड धूड उचलायची वेळ आली की मात्र सगळे कीबोर्डवाले बटणच दाबतात, मीसुद्धा.

लेस्ली 2 सप्टेंबर 2004 रोजी कॅलिफोर्नियात, अल्टाडीना इथे गेला. वय 93. तोवर त्याच्या कर्ण्याच्या डिजिटल नकला बाजारात येऊन बरीच वर्षं झाली होती, आणि हॅमंडच्या नावाच्या नव्या ऑर्गनमध्येही लेस्लीची नक्कल आतच बसवलेली मिळत होती.