वाचकांच्या पत्रांना उत्तर देणारे कर्वे

र. धों. कर्वे म्हटले की संततिनियमन, हे समीकरण आपल्याकडे इतके पक्के बसले आहे की त्यांचे दुसरे काम त्याच्या आड गेले. मला ते दुसरे कामच अधिक मोलाचे वाटते. वयात येणाऱ्या मुलांच्या मनात साठणारी भीती घालवण्यासाठी त्यांनी उभे आयुष्य खर्ची घातले.

१४ जानेवारी १८८२ हा त्यांचा जन्मदिवस. आई राधाबाई १८९१ मध्ये गेल्या. दोन वर्षांनी वडील धोंडो केशव यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले आणि मुरुडकरांनी घराला वाळीत टाकले. समाजाचा रोष कशाला म्हणतात, हे रघुनाथाने अकराव्या वर्षीच पाहिले. मॅट्रिकला पहिला आलेला हा मुलगा पुढे गणिताचा प्राध्यापक झाला. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि याच कामापायी विल्सन कॉलेजातील नोकरी गेली.

जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू झाले. त्यातला माझ्या दृष्टीने खरा ऐवज म्हणजे वाचकांचे प्रश्न. हस्तमैथुनाने शरीर खंगते, वेड लागते, पुढे संसार होत नाही, अशा समजुतींनी त्या काळची पोरे पोखरली होती. वीर्यनाशाचा धाक वडीलधारे घालत आणि त्या धाकावर औषधे विकणाऱ्यांची चंगळ होई. आमच्या शाळेतही प्रजननाचा धडा गुरुजींनी घरी वाचायला सांगून पुढचे पान उलटले होते. कर्वे पान उलटत नसत. हे घातक नाही, घातक आहे ती भीती, असे ते सरळ सांगत. भाषा रोखठोक, काहीशी रूक्षच. गणित सोडवावे तशी. गोंजारणे त्यांना जमले नाही, आणि मला वाटते, घाबरलेल्या मुलाला तो कोरडेपणाच जास्त विश्वासाचा वाटत असावा.

१९३१ मध्ये एका लेखाबद्दल त्यांना दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला उभा राहिला, तो या प्रश्नोत्तरांवरूनच. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी वाचकांना दिलेली उत्तरे अश्लील ठरवली गेली. या वेळी वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोक विचारतात त्याचे उत्तर शास्त्राला धरून दिले तर त्यात अश्लील काय, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला, दंड भरावा लागला.

पण या कथेत मालतीबाईंचे नाव नेहमी मागे राहते. मूल होऊ द्यायचे नाही हा निर्णय दोघांचा; नवऱ्याची नोकरी गेल्यावर ओढगस्तीच्या संसाराला आधार दिला तो त्यांनी. त्या १९४४ मध्ये वारल्या. कर्वे एकटे पडले, तरी मासिक बंद पडले नाही. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते गेले, आणि त्याच वर्षी 'समाजस्वास्थ्य'ही थांबले.