जेवढं कळलं, तेवढं आज!

लासलगाव म्हटलं की सगळ्यांना एकच गोष्ट आठवते, कांदा! मी लासलगावचा आहे हे कळल्यावर हॉस्टेलमध्ये मला काय नाव पडलं असेल ते सांगायलाच नको. पण मित्रहो, आमच्या गावाला कांद्याच्या मार्केटबरोबर आणखी एक गोष्ट लाभली आहे, ती म्हणजे रेल्वे. नाशिकरोडहून निघालेली गाडी निफाड, उगाव, लासलगाव करत मनमाडला पोचते. तिथून सरळ गेलं तर भुसावळ, नागपूर आणि फाटा बदलला तर नगर. एकोणिसाव्या शतकातसुद्धा नाशिकच्या माणसाला रेल्वेने नागपूर किंवा नगर गाठायचं तर आमच्या गावावरूनच जावं लागायचं.

नाशिक, नागपूर आणि नगर ही तिन्ही गावं ज्यांच्या आयुष्यात फार महत्त्वाची ठरली, अशा आमच्या जिल्ह्यातल्या एका बाईंविषयी आज मी लिहिणार आहे. लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राच्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण मला त्या दुसऱ्याच कारणासाठी आठवतात.

मी ख्रिस्ती घरातला. परीक्षा जवळ आल्या की रूमवर हमखास चर्चा निघते. देवावर विश्वास ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय? देवाचं ऐकायचं म्हणजे कुणाचं ऐकायचं? तो काय फोन करून सांगतो का? हसून सोडून द्यावेत असे हे प्रश्न नाहीत. मला काही प्रवचन देता येत नाही. म्हणून मी लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगतो.

१ जून १८६८ रोजी नाशिकजवळ गोदावरीकाठच्या जलालपूरला त्यांचा जन्म झाला. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. घरात सोवळ्या-ओवळ्याचं प्रस्थ असं, की विचारू नका. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय वडील घरात घेत नसत. अशा घरातली ही मुलगी. वयाच्या अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा अठरा वर्षांचा, कोकणातल्या करजगावचा, नाव नारायण वामन टिळक. हेच पुढे रेव्हरंड टिळक आणि कवी टिळक म्हणून प्रसिद्ध झाले.

टिळक म्हणजे अफाट बुद्धिमत्ता, पण संसाराच्या बाबतीत आनंदीआनंद! आज इथे नोकरी, उद्या तिथे. मनात आलं की न सांगता घर सोडून जायचे. हातात पैसा आला की दुसऱ्याला देऊन मोकळे व्हायचे. लक्ष्मीबाईंना शाळा माहीत नव्हती. अक्षरओळख झाली ती नवऱ्यामुळेच. असा हा संसार ओढत त्या कधी माहेरच्या माणसांत, कधी नवऱ्यामागे नागपूरकडे फिरत राहिल्या.

नागपूरहून राजनांदगावला जाताना टिळकांना रेल्वेच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणं धर्मावर आलं आणि त्यांनी टिळकांना बायबल दिलं. टिळकांनी ते वाचायला घेतलं, त्यावर विचार केला, पत्रव्यवहार केला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ नव्हत्या. त्यांचं वय होतं सव्वीस आणि पदरात लहानगा दत्तू.

आज आपल्याला त्याची कल्पना येणार नाही. त्या काळी अशा बाईला नवरा जिवंत असून नसल्यासारखा. लोकांची बोलणी, नातेवाइकांचा आधार पण त्या आधाराचं ओझं, मुलाच्या भवितव्याची काळजी. पुढची चारपाच वर्षं अशीच गेली, बरीचशी पंढरपुरात. नवऱ्यावरचं प्रेम तर सुटत नव्हतं आणि धर्म सोडायला मन तयार नव्हतं.

इथे मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्या काळी पतीची आज्ञा म्हणजे सर्वस्व. 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणून त्या मोकळ्या होऊ शकल्या असत्या. वर्षानुवर्षांचा वनवास एका दिवसात संपला असता. पण मनाला न पटलेली गोष्ट देवाच्या नावावर खपवणं त्यांना जमलं नाही. शेवटी त्या नगरला टिळकांकडे आल्या, तेव्हासुद्धा स्वतःचं सोवळं घेऊन आल्या. वेगळा स्वयंपाक, वेगळं पाणी. आणि टिळकांनीही (याचं मला कौतुक वाटतं) जबरदस्ती केली नाही. उलट तिच्या सोवळ्याची सोय करून दिली.

मग बदल कुठे झाला? मोठ्या सभेत नाही, की चर्चमध्ये नाही. लक्ष्मीबाई स्वतःशीच विचार करू लागल्या. माणूस आणि जनावर हा भेद देवाने केलेला दिसतो. बाई आणि पुरुष हा भेदही दिसतो. पण माणसामाणसांतल्या जाती देवाने केल्या, हे कशावरून दिसतं? शोधून काही पुरावा सापडेना. मग हे माणसांनीच केलेलं असणार. आणि माणसांनी केलेलं असेल तर आपण ते का पाळायचं?

एवढं पटल्यावर त्यांनी आणखी वाट पाहिली नाही. आता कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं असं त्यांनी ठरवलं आणि तसं वागायला सुरुवात केली. लक्षात घ्या, बाजारातून आलेली वस्तू धुऊन घेणाऱ्या वडिलांची ही मुलगी! जन्मभराची सवय अंगात मुरलेली असते. डोक्याला पटलं तरी हात मागे येतो. आपण थिअरीचा पेपर सोडवतो आणि प्रॅक्टिकलला हात थरथरतो, तसंच. लक्ष्मीबाईंचं प्रॅक्टिकल स्वयंपाकघरात झालं. त्या वेळी त्यांचा बाप्तिस्मासुद्धा झालेला नव्हता. ख्रिस्ती धर्मातलं सगळं समजलं होतं असंही नाही. फक्त एक गोष्ट समजली होती, तेवढी त्यांनी पाळली. पुढे १९०० साली त्यांनी स्वतःच्या समजुतीने बाप्तिस्मा घेतला. टिळकांनंतर पाच वर्षांनी.

आमच्या रूमवरच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळतं. देवाची पुढची सगळी योजना कळली की मग मी त्याचं ऐकेन, असं आपण म्हणतो. पण तसं सहसा होत नाही. एखादी छोटी गोष्ट बरोबर आहे हे आपल्याला आजच कळलेलं असतं. ती केली की पुढची दिसते.

लक्ष्मीबाईंना पुढची गोष्ट लगेच दिसली. १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. लोक त्याला 'छपन्नचा दुष्काळ' म्हणतात. टिळक अनाथ, उपाशी मुलांना घरी घेऊन येऊ लागले. आणायचं काम टिळकांचं, पण खाऊ घालायचं, न्हाऊ घालायचं काम कुणाचं? अर्थात लक्ष्मीबाईंचं! जातीचा विचार डोक्यातून गेला होता, आता तो हातातूनही जावा लागला. त्यांचं घर म्हणजे एक हॉस्टेलच झालं. फी नाही, मेसचं बिल नाही आणि रेक्टरला पगारही नाही.

मग नगरला प्लेगची साथ आली. आपण कोरोना पाहिला आहे, त्यामुळे साथीची भीती काय असते हे वेगळं सांगायला नको. त्या काळी प्लेगवर खात्रीचं औषध नव्हतं. घरातली माणसं घरातल्यांना सोडून जात. अशा वेळी टिळक पतीपत्नी रोग्यांच्या सेवेला गेले. लक्ष्मीबाई काही फार शूर होत्या असं नाही. त्यांनी स्वतःच्या भित्रेपणाच्या गमती अगदी मोकळेपणाने लिहून ठेवल्या आहेत. म्हणजे विश्वास आला की भीती जाते, असं काही नाही. भीती असते आणि तरी माणूस पाणी घेऊन रोग्याजवळ जातो.

याच नगरच्या घरात एक तरुण कवी येऊन राहिला. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी. 'औदुंबर' शाळेत शिकलो ना, तेच. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात टिळकांनी या मुलाचे गुण ओळखले. लक्ष्मीबाईंनी त्याला आईची माया दिली. त्या घरात राहायला ख्रिस्ती होण्याची अट नव्हती. बालकवी १९१८ मध्ये, ऐन अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आत, जळगावजवळ भादली स्टेशनला रेल्वेखाली गेले. आमच्या लासलगाववरून पुढे जाते तीच ही लाईन. लक्ष्मीबाईंनी त्यांच्या ज्या आठवणी लिहून ठेवल्या, त्यातून हा कवी आपल्याला घरातल्या मुलासारखा दिसतो.

दरम्यान टिळकांनी आणखी एक उडी मारली. १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला असा भेद नव्हता, येशूच्या मागे जाणारा कुणीही चालत होता. विचार मोठाच. पण पगार नाही म्हटल्यावर महिनाअखेर कशी काढायची हा प्रश्न घरातल्या बाईचा! टिळकांच्या श्रद्धेबद्दल आपण बोलतो. त्या श्रद्धेचा रोजचा खर्च लक्ष्मीबाई भागवत होत्या, हे मात्र विसरतो.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. लक्ष्मीबाई पन्नाशीला आल्या होत्या. नवऱ्याच्या मागे एक अपुरं काम राहिलं होतं. येशूचं चरित्र सांगणारं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य. टिळकांच्या हातून दहा-अकरा अध्याय झाले होते. एवढे मोठे कवी, त्यांचं काम पुरं कोण करणार? ते केलं शाळेत न गेलेल्या या बाईने. साठाहून जास्त अध्याय त्यांनी लिहिले. एका बैठकीत नव्हे, तर संसार, प्रवास, आजारपण, नातवंडं सांभाळत, वर्षानुवर्षं. मध्ये मुलाबरोबर काही काळ त्या कराचीलाही होत्या.

आणि साठीच्या पुढे त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. मुलगा देवदत्त टिळक यांच्या 'संजीवनी' साप्ताहिकातून ती येत गेली आणि १९३४ ते १९३६ या काळात पुस्तकरूपाने चार भाग निघाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाईंचं निधन झालं. शेवटचा भाग त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत आजही त्याचं नाव पहिल्या ओळीत घेतात. ज्यांना 'वाचनाची आवड नाही' त्यांनी जरूर वाचावं. पानापानाला हसायला येतं आणि मध्येच घशात काहीतरी अडकतं.

मित्रहो, मी हे सगळं धर्मप्रचारासाठी लिहीत नाही. आपल्या हॉस्टेलमध्ये सकाळी कुणी स्तोत्र म्हणतं, कुणी नमाज पढतं, कुणी बायबल उघडतं आणि कुणी सरळ ब्रश शोधतं. लक्ष्मीबाईंनी ज्यांना सोडलं त्यांच्याविषयीही कधी कडवटपणे लिहिलं नाही. पंढरपूरच्या, जलालपूरच्या माणसांविषयी त्या मायेनेच बोलतात. मला त्यांच्याकडून घ्यावंसं वाटतं ते इतकंच, की देवावरचा विश्वास रविवारपुरता ठेवता येत नाही. तो मंगळवारी दुपारी लॅबमध्येही लागतो.

आता आपल्याकडेच बघा ना. करिअरचं काय होणार, कॅम्पसला कंपनी येणार का, आला तर जॉब टिकणार का, यातलं काहीच आपल्या हातात नाही. त्याची काळजी करत आपण रात्री जागतो. आणि ज्या गोष्टी आपल्याला स्वच्छ कळलेल्या आहेत, त्या मात्र सोडून देतो. प्रॉक्सी लावणं बरोबर नाही, हे कळतं. दुसऱ्याचं जर्नल जसंच्या तसं उतरवणं म्हणजे चोरी, हेही कळतं. शेजारच्या रूममधला मुलगा दोन दिवस जेवायला दिसला नाही, एकदा दार वाजवून बघावं, हे कळतं. पहिल्या वर्षाच्या मुलाची जात विचारून मग त्याच्याशी बोलायचं की नाही ते ठरवणं चूक, हे तर नक्कीच कळतं. घरी फोन केला की आई पहिल्यांदा जेवलास का विचारणार आणि तिचं ते विचारणं नीट ऐकून घ्यायला हवं, हेसुद्धा!

यातली एक गोष्ट आज करायची. बाकीचं देवावर सोडायचं. मी प्रार्थना करतो तेव्हा हल्ली पहिल्या क्लासची मागणी जरा मागे ठेवतो आणि आज कळलेली गोष्ट करायची हिंमत दे, एवढंच आधी मागतो. दर वेळी जमतंच असं नाही. पण ज्या दिवशी जमतं त्या दिवशी झोप चांगली लागते, हा अनुभव आहे.

लक्ष्मीबाईंना पुढचं सगळं आयुष्य आधी दाखवलं असतं, म्हणजे प्लेग, पगाराविना संसार, वैधव्य, साठहून जास्त अध्याय, तर त्या बहुतेक जलालपूरलाच थांबल्या असत्या. तसं त्यांना कुणी दाखवलं नाही. समोर आलेलं पाणी पटलं म्हणून त्या प्यायल्या, आणि तिथून पुढे चालत राहिल्या. आपल्यालाही सहा सेमिस्टर पुढचं दिसायची गरज नाही. उद्या सकाळचं पहिलं लेक्चर आहे, तिथे आपली हजेरी आपणच देऊया!

– तृतीय वर्ष, स्थापत्य (मु. पो. लासलगाव)