नरहर कुरुंदकर आणि मराठवाड्यातील शास्त्रीय गद्याची घडण

मराठवाड्यात मराठीतून शास्त्रीय विचार मांडण्यास केव्हा प्रारंभ झाला, असा प्रश्न उपस्थित केला की आपण सामान्यतः १९५८ या वर्षाकडे बोट दाखवतो. त्या वर्षी औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. तथापि विद्यापीठ स्थापन होणे आणि विद्येची भाषा सिद्ध होणे या दोन घटना एकाच मुहूर्तावर घडत नाहीत. युक्तिवादाची भाषा कोणालातरी घडवावी लागते, आणि ती इतरांच्या अंगवळणी पडेपर्यंत वर्षानुवर्षे बोलावी व लिहावी लागते. मराठवाड्यापुरते हे काम ज्यांनी अग्रभागी राहून केले, त्या नरहर अंबादास कुरुंदकर यांच्या जीवनक्रमाचा या एका अंगाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी नांदापूर या आजोळच्या गावी झाला. मूळ गाव वसमत तालुक्यातील कुरुंदा. ही दोन्ही गावे तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यापासून ती परभणीच्या नकाशावर नाहीत. तरीही कुरुंदकर ज्या भूमीत वाढले ती जुन्या परभणी जिल्ह्याचीच होय. नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई आणि बोरीचे भास्करभट्ट ही नावे या जिल्ह्याला काव्याची थोर परंपरा होती हे सांगण्यास पुरेशी आहेत. गद्याचीही उणीव नव्हती. महानुभावांनी सूत्रांवर जी भाष्ये लिहिली, त्यांत शब्दाचा अर्थ निश्चित करण्याची, शंका घेण्याची आणि तिचे निरसन करण्याची शिस्त दिसते. म्हणजे तर्काची मराठी या प्रदेशाला अपरिचित होती असे म्हणता येणार नाही. तिचा शिक्षणाशी असलेला संबंध मात्र पुढे तुटला.

निजामी राजवटीत माध्यमिक शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, आणि १९१८ मध्ये हैदराबादला सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचेही माध्यम उर्दूच होते. येथे एक गोष्ट नोंदवणे अगत्याचे आहे. विद्यापीठ सुरू होण्याच्या आधीच, १९१७ मध्ये, तेथे दारुल तर्जुमा हे भाषांतर कार्यालय उघडण्यात आले. पाश्चात्त्य ज्ञानशाखांचे ग्रंथ उर्दूत आणणे आणि त्यांसाठी परिभाषा बनवणे हे त्याचे काम होते. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो एक धाडसी प्रयोग होता, हे मराठी माणसानेही मान्य करावयास हरकत नाही. परंतु त्याची किंमत संस्थानातील मराठी, तेलुगू आणि कन्नड भाषकांनी मोजली. घरी मराठी, शाळेत उर्दू आणि वरिष्ठ व्यवहारात इंग्रजी अशा अवस्थेत वाढलेल्या पिढीला मराठीतून कविता लिहिता येत होती, पत्रे लिहिता येत होती. इतिहासाचा किंवा तत्त्वज्ञानाचा प्रश्न मराठीतून सोडवण्याचा सराव तिला नव्हता.

या पार्श्वभूमीवर कुरुंदकरांना लाभलेले मामांचे सान्निध्य महत्त्वाचे ठरते. डॉ. ना. गो. नांदापूरकर हे उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या महाभारतांचा तौलनिक अभ्यास ही त्यांची विद्वन्मान्य कामगिरी. शिक्षणासाठी हैदराबादला गेलेल्या कुरुंदकरांना त्यांच्यामुळे ग्रंथांच्या जगाची दारे उघडली गेली. परीक्षांत मात्र त्यांना यश लाभले नाही. इंटरच्या परीक्षेत ते एकाहून अधिक वेळा अनुत्तीर्ण झाले. त्याच सुमारास हैदराबाद मुक्तिसंग्राम चालू होता आणि त्यातही त्यांचा सहभाग होता. अभ्यासक्रमाबाहेरचे अफाट वाचन आणि अभ्यासक्रमाकडे पाठ हा त्यांच्या विद्यार्थिदशेचा विशेष होय. पदव्या त्यांनी पुढे उशिरा, नोकरी सांभाळून मिळवल्या. पीएच्‌.डी. त्यांनी केली नाही. शोधप्रबंधांच्या गर्दीत वावरणाऱ्या आपणा मंडळींना ही गोष्ट थोडी अडचणीची वाटते.

नांदेडला प्रतिभा निकेतन विद्यालयात ते शिक्षक झाले. नांदेडकरांच्या तोंडी त्यांच्यासाठी रूढ झालेला गुरुजी हा शब्द ते पीपल्स कॉलेजात प्राध्यापक झाल्यावरही, प्राचार्य झाल्यावरही सुटला नाही. माझ्या मते या शब्दात त्यांच्या गद्याचे एक रहस्य आहे. शाळेतल्या मुलासमोर अवघड विषय मांडावयाचा तर आधी त्याच्या मनात काय आहे हे ओळखावे लागते. कुरुंदकरांच्या कोणत्याही निबंधाचा आरंभ पाहावा. वाचकाची रूढ समजूत तेथे प्रथम मांडलेली असते, तीही आदराने आणि पूर्ण बळानिशी. तिच्यातील विसंगती त्यानंतर एकेक करून उघड होतात. पूर्वपक्ष न्याय्यपणे मांडल्याखेरीज उत्तरपक्षाला अधिकार नाही, हा शास्त्रचर्चेचा जुना दंडक त्यांनी आधुनिक मराठी निबंधात आणला.

त्यांच्या पहिल्या ग्रंथाचा विषयही या दृष्टीने लक्षणीय आहे. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच त्यांचे रिचर्ड्‌सची कलामीमांसा हे पुस्तक प्रसिद्ध झाले. केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्‌स यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक अभिनव प्रयोग नोंदवला आहे. कवींची नावे काढून टाकलेल्या कविता त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या, त्यांच्याकडून अभिप्राय लिहून घेतले आणि सुशिक्षित वाचक किती प्रकारांनी चुकीचे वाचतो याचे वर्गीकरण केले. वस्तुस्थितीचा निर्देश करणारी भाषा आणि भावना जागवणारी भाषा यांत त्यांनी केलेला भेद तर सर्वपरिचित आहे. मराठी समीक्षेत त्या काळी या दोन भाषांची सरमिसळ पुष्कळ होती. अद्यापही ती संपलेली नाही. कुरुंदकरांनी कलेच्या क्षेत्रात लौकिकतावादाची बाजू घेतली. तिच्याशी सहमत असो वा नसो, समीक्षेचे विधान तपासता येईल अशा शब्दांत करावे, हा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. मागोवा (१९६७), जागर (१९६९), शिवरात्र (१९७०) आणि मराठी कादंबरीचा विचार करणारे धार आणि काठ (१९७१) या ग्रंथांतून तो सातत्याने प्रत्ययास येतो.

त्यांच्या मांडणीचा एक नमुना म्हणून छत्रपती शिवाजी महाराजांविषयीचे विवेचन घेता येईल. रणजित देसाई यांच्या श्रीमान योगी या कादंबरीला प्रस्तावना म्हणून जोडलेले त्यांचे दीर्घ पत्र प्रसिद्धच आहे. याच विषयावर त्यांनी व्याख्यानेही दिली. महाराजांचे मोठेपण सांगताना अफजलखान, शाहिस्तेखान, आग्र्याहून सुटका हे प्रसंग पुढे येतात. कुरुंदकर या प्रसंगांचे महत्त्व नाकारत नाहीत. पराक्रमाचे व चातुर्याचे असे प्रसंग इतर वीरांच्या चरित्रांतही आढळतात, तेव्हा वेगळेपण त्यांत शोधता येणार नाही, एवढेच ते दाखवून देतात. अशा रीतीने एकेक कारण बाजूला सारल्यावर त्यांच्या हाती एक प्रश्न उरतो. राजा १६८० मध्ये गेला, वारस १६८९ मध्ये मारला गेला, राजधानी पडली. तरीही १७०७ मध्ये औरंगजेबाचा मृत्यू होईपर्यंत सामान्य माणसे लढत राहिली, ती का? उत्तरासाठी त्यांना राज्यव्यवस्थेकडे आणि रयतेच्या तिच्याशी असलेल्या नात्याकडे वळावे लागते. येथे अवघड पारिभाषिक शब्द जवळजवळ नाहीत. आमच्याकडे येणाऱ्या प्रबंधिकांची पहिली प्रकरणे वाचताना याची आठवण होते. संकल्पना, आयाम, परिप्रेक्ष्य या शब्दांची रेलचेल असते. प्रश्न कोणता, हे मात्र पन्नास पानांनंतरही कळत नाही.

नवोदितांच्या पुस्तकांना त्यांनी विपुल प्रस्तावना लिहिल्या. भिडेखातर लिहिल्याचा आक्षेप त्यांवर घेतला जातो, आणि काही ठिकाणी तो खरा आहे. परंतु पुष्कळ प्रस्तावनांत मूळ पुस्तकातील विषय कसा मांडता आला असता याचे जणू प्रात्यक्षिकच आढळते. ज्या भागात मार्गदर्शक दुर्मिळ होते, तेथे प्रस्तावनेने मार्गदर्शकाचे काम केले.

त्यांच्या गद्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कुरुंदकर मूलतः वक्ते होते. मनुस्मृतीवरील त्यांचे पुस्तक व्याख्यानांतून सिद्ध झाले आणि निधनानंतर प्रसिद्ध झाले. इतरही बऱ्याच लेखनाचा घाट बोलण्याचा आहे. स्मरणावर भिस्त असल्याने आधारस्थळांचे तपशीलवार निर्देश त्यांच्याकडे कमी आढळतात. संशोधकाला एखादे विधान पडताळावयाचे तर मूळ साधन स्वतः शोधावे लागते. विधान इतक्या आत्मविश्वासाने येते की शंका घेण्याचे धैर्यच होत नाही, आणि ज्या लेखकाने इतरांना शंका घ्यावयास शिकवले त्याच्याबाबत हे घडावे हे चमत्कारिक आहे. त्यांच्या अनुयायांनी नेमकी हीच लकब उचलली. गुरुजींचे वाचन पाठीशी नसताना गुरुजींचा ठामपणा मराठवाड्यातील व्यासपीठांवर बराच काळ घुमत राहिला.

भरतमुनींचे नाट्यशास्त्र हा त्यांच्या दीर्घ चिंतनाचा विषय होता. रसचर्चेसाठी त्यातील एकदोन अध्याय वाचून थांबण्याची आपली रीत त्यांना मान्य नव्हती. रंगभूमी, नृत्य, संगीत यांसह तो ग्रंथ समग्र वाचावा असे त्यांचे म्हणणे होते. या विषयावर त्यांच्याकडून अधिक विस्तृत लेखनाची अपेक्षा होती. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद येथे, व्यासपीठावर असतानाच, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वयाची पन्नास वर्षेही पूर्ण झाली नव्हती. पीपल्स कॉलेजचे ते तेव्हा प्राचार्य होते. त्यांचे विखुरलेले लेख, भाषणे आणि प्रस्तावना मित्रांनी व विद्यार्थ्यांनी पुढील वर्षांत एकत्र केल्या, आणि त्यांच्या हयातीत प्रसिद्ध न झालेली कित्येक पुस्तके त्यानंतर वाचकांच्या हाती आली.