बैलांना पेलेल तोच नांगर : लक्ष्मणराव किर्लोस्कर

सोयाबीन सोंगणीला आले की बोरगाव मेघेच्या शिवारात मजुरांची ओढाताण सुरू होते आणि जो तो हार्वेस्टरची वाट पाहू लागतो. नवे मशीन घेणे सगळ्यांच्या आवाक्यातले नाही. म्हणून जुने मशीन घ्यायचे आणि त्याला दुसऱ्या मशीनचा कापणीचा पुढचा भाग, ज्याला हेडर म्हणतात, तो जोडायचा, असा बेत काही जण बोलून दाखवतात. वेल्डिंगवाला बसवून देतोही. पण बसणे वेगळे आणि वावरात चालणे वेगळे. हा फरक ओळखून ज्यांनी शेतकऱ्यासाठी अवजारे केली, त्या लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे चरित्र अशा वेळी आठवावे.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेच्या पुस्तकात त्यांचे मन रमेना. चित्रे काढावीत आणि यंत्रे खोलून पाहावीत, हाच नाद. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या आधाराने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे कळले की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकार होण्याची आशा संपली. दुसरा कोणी गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी यंत्रांची रेखाटने शिकून घेतली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिकवण्याची नोकरी धरली. पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावलले गेले, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. भावाबरोबर सायकलींचे दुकान चालवता चालवता लहानसा कारखाना उभा राहिला.

पहिले अवजार कडबा कापण्याचे. नंतर 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर. त्या काळी विलायतेहून लोखंडी नांगर येत, पण ते सामान्य शेतकऱ्याच्या कामाचे नव्हते. आपली जमीन वेगळी, बैल वेगळे, आणि नांगर मोडला तर सुटा भाग साता समुद्रापलीकडे.

नांगर तयार झाला, पण घेणारा भेटेना. लोखंडाने जमिनीत विष उतरते, अशी लोकांची समजूत होती. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. ही समजूत चुकीची होती हे खरे, पण शेतकऱ्याला नुसते अडाणी म्हणून भागत नाही. ज्याचे अख्खे वर्ष एका नांगरटीवर अवलंबून, तो विचारणारच : माझ्या जोडीला हा ओढवेल काय? फाळ झिजला तर कुठे मिळेल? लक्ष्मणरावांनी चिकाटी सोडली नाही. वापरणाऱ्यांच्या अनुभवावरून नांगरात सुधारणा होत गेल्या. फाळ बोल्टने बसवलेला असल्याने झिजला की तेवढाच बदलता येई, सगळा नांगर टाकावा लागत नसे.

नांगर चालू लागला तोच बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला सांगितली. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली, वर 10 हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. जमीन म्हणजे निवडुंग, साप आणि उजाड माळ. 1910 मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी राखणीचे काम दिले. पहिल्या महायुद्धात लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला, तरी कारखाना तगला. 1920 मध्ये कंपनी मर्यादित झाली. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमूग फोडणीयंत्र, पाण्याचे पंप असा पसारा वाढत गेला.

आपल्या वर्धेकरांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट. 1929 मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी कडक होत्या. खेड्यातल्या बाईला आठ तास फारसे न थकता चालवता यावा, किंमत 150 रुपयांच्या आत असावी, वेळच्या वेळी दुरुस्ती केल्यास 20 वर्षे टिकावा आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या शेकडा 5 हून जास्त नसावा. किर्लोस्करवाडीतही असे यंत्र तयार झाले, पण ते कसोटीला उतरले नाही. बक्षीस शेवटपर्यंत कोणालाच मिळाले नाही. अपयश आले तरी त्या अटी आजही अवजार घेताना विचाराव्यात अशाच आहेत. लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी वारले. 1969 मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, त्यांचे टपाल तिकीट निघाले.

आता आपल्या हेडरकडे येऊ. नांगर जसा बैलाला पेलला पाहिजे, तसे हेडर जुन्या मशीनला. पहिले पाहावे ते वजन : उचलणारे हायड्रॉलिक सिलिंडर ते पेलतात काय, आणि मागची चाके हलकी पडून स्टिअरिंग सुटते काय. दुसरे, माल वर नेणाऱ्या एलिव्हेटरचे तोंड आणि हेडरचे तोंड जुळते काय. तिसरे, शाफ्ट कोणत्या बाजूला आहे, कोणत्या दिशेने आणि किती फेऱ्यांनी फिरतो. चौथे, हेडर रुंद घेतले तर जुन्या मळणीच्या ड्रमला एवढा माल झेपेल काय. सोयाबीनच्या खालच्या शेंगा जमिनीलगत असतात, म्हणून कटर बार खाली चालला पाहिजे, नाही तर दाणा वावरातच राहतो.

जोडणी झाली की आधी मशीन जागेवर चालवून आवाज आणि हादरे पाहावेत. मग थोड्या तासांत कापणी करून मशीन थांबवावे आणि जरा मागे घ्यावे. हेडरखाली सांडलेले दाणे एकीकडे मोजावेत, मशीनच्या मागे पडलेले दुसरीकडे. पहिले जास्त असतील तर दोष हेडरचा, दुसरे जास्त असतील तर मळणीचा किंवा चाळणीचा. हाताने काही काढायचे असेल तर इंजिन बंद करूनच, यात सूट नाही.

गावात अवजार बँक असेल किंवा गटाने मशीन घ्यायचे असेल, तर सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि गटाच्या मंडळींनी जोडणी करणाऱ्याकडून कामाचा तपशील लेखी घ्यावा आणि चाचणीत मशीन चालल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. झिजणाऱ्या भागांची यादी आणि ते कुठे मिळतात याची चौकशी आधीच करावी. ऐन सोंगणीत एक पाते तुटले आणि वर ढग जमले, तर वर्षाची कमाई वावरात उभी राहते. लक्ष्मणरावांचा नांगर आधी लोकांच्या पसंतीस उतरला नाही, पण वावरात टिकला, म्हणून विकला गेला. तोच निकष हेडरला लावावा.