रेकॉर्डिंगचा तिटकारा असलेल्या माणसानेच बीथोवनचे ३२ सोनाटा पहिल्यांदा रेकॉर्ड केले

आज मोबाइलवर बीथोवन असं टाइप केलं की रेकॉर्डिंगचा ढीग समोर येतो. पण १९३२ साल उजाडलं तेव्हा त्याचे सगळे ३२ पियानो सोनाटा कुणीच रेकॉर्ड केलेले नव्हते. हे काम पूर्ण केलं आर्टुर श्नाबेल यांनी.

गंमत म्हणजे त्यांना रेकॉर्डिंग अजिबात आवडायचं नाही.

श्नाबेल यांचा जन्म १८८२ चा. घराणं ज्यू, गाव तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतलं, आजच्या पोलंडमधलं. वयाच्या ९ व्या वर्षी ते व्हिएन्नात थिओडोर लेशेटित्स्की या नामवंत गुरूंकडे शिकू लागले. या पोराला बोटांची करामत दाखवण्यात रस नाही, हे गुरूंनी ओळखलं. त्यांनी त्याला शूबर्टचे सोनाटा वाजवायला सांगितलं. तेव्हा मैफलीत ते फारसं कुणी वाजवत नसे.

१९२७ मध्ये बीथोवनच्या मृत्यूला १०० वर्षं झाली. त्या वर्षी श्नाबेल यांनी बर्लिनमध्ये सगळे ३२ सोनाटा वाजवले. मग एचएमव्ही कंपनी मागे लागली. संगीत दर वेळी नवं असतं, ते तबकडीत गोठवायचं कसं, असा त्यांचा आक्षेप होता. शेवटी ते तयार झाले. रसिकांकडून आगाऊ वर्गणी घेतली गेली आणि १९३२ ते १९३५ या काळात लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं.

काम सोपं नव्हतं. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावायची. बीथोवनचा शेवटचा सोनाटा, ओपस १११, हा १८२२ चा. तोवर त्याला ऐकू येणं जवळपास बंद झालं होतं. त्याचा संथ दुसरा भागच पाव तासाहून मोठा. तो वाजवताना मध्येच थांबायचं, नवी तबकडी लागली की त्याच भावात पुन्हा शिरायचं. चुकलेला सूर कापून नीट करायची सोय नव्हती. त्यामुळे काही ठिकाणी, विशेषतः वेगवान भागांत, चुका तशाच राहिल्या. आजही त्या ऐकू येतात.

हे सगळं सुरू असतानाच, १९३३ मध्ये, जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. श्नाबेल यांनी बर्लिन सोडलं. आधी इटली, मग १९३९ मध्ये अमेरिका. आई मात्र व्हिएन्नातच राहिली. १९४२ मध्ये, ऐंशी ओलांडलेल्या त्या माउलीला नाझींनी तेरेझिनश्टाटच्या छळछावणीत नेलं. तिथेच तिचा अंत झाला.

युद्ध संपलं. श्नाबेल पुन्हा युरोपात वाजवू लागले. पण जर्मनी आणि ऑस्ट्रियात त्यांनी परत कधीच पाऊल टाकलं नाही. १५ ऑगस्ट १९५१ रोजी स्वित्झर्लंडमध्ये त्यांचं निधन झालं.

ज्या बर्लिनमध्ये त्यांनी हे ३२ सोनाटा वाजवले, तिथल्या श्रोत्यांना ते पुन्हा समोर बसून ऐकता आले नाहीत. उरल्या त्या नकोशा वाटणाऱ्या तबकड्या. चुकांसकट त्या आजही ऐकल्या जातात.