विश्लेषण : मंदीत खर्च थांबवावा की नवा माल काढावा? किर्लोस्करवाडीने काय केले?

मंदी आली की विमान कंपन्यांपुढे प्रश्न पडतो : जुन्या केबिन नव्या करण्याचे काम चालू ठेवायचे की पैसा राखून ठेवायचा? नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी असाच पेच आजच्या सांगली जिल्ह्यातील एका नांगर कारखान्यापुढे होता. कारखाना लक्ष्मणराव किर्लोस्करांचा.

कोण होते लक्ष्मणराव?

जन्म १८६९ चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचे होते. पण काही रंग नीट ओळखता येईनात, म्हणून यंत्रांची रेखाटने शिकले. मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत असताना बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. आधी सायकलींचे दुकान, मग कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी तेव्हा समजूत होती, त्यामुळे पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षे गेली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून काम चालवले.

मंदीत काय झाले?

१९२९ नंतर शेतमालाचे भाव कोसळले. नांगर ही पुढच्या वर्षावर ढकलता येणारी खरेदी, त्यामुळे मागणी आटली. खर्च कापायचा तर कारागीर घरी पाठवावे लागणार, आणि ओतकामात मुरलेला माणूस एकदा गेला की नवा तयार व्हायला वर्षे लागतात. किर्लोस्करांनी दुसरी वाट धरली. पंप आधीच सुरू झाले होते, ते वाढवले. ओतशाळा तीच, फक्त साचे वेगळे. जोडीला लोखंडी फर्निचर काढले, कारण कचेऱ्या आणि दवाखान्यांचे गिऱ्हाईक पावसापाण्यावर अवलंबून नसते. (हा हिशेब साधा वाटतो, पण मंदीत तो सुचणे अवघड.) अमेरिकेतून शिकून आलेला मुलगा शंतनुराव तोवर कारखान्यात रुळला होता. याच काळात, १९३३ मध्ये, सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानेही डिझेल इंजिन बनवले.

अर्थात प्रत्येकाच्या पाठीशी औंधचा राजा नसतो. आणि हा खर्च शोभेचा नव्हता. गिऱ्हाइकाला ज्याची गरज होती, त्यावरच तो झाला.

लक्ष्मणराव १९५६ मध्ये वारले. किर्लोस्करवाडीत पंप आजही बनतात.