लहान गोळीचा मोठा शिकारी

हत्तीसारख्या अजस्र प्राण्यापुढे उभे राहायचे, तर हातातली बंदूकही तितकीच अजस्र हवी, अशी आफ्रिकेतील गोऱ्या शिकाऱ्यांची दीर्घकाळ समजूत होती. या समजुतीला तडा दिला तो वॉल्टर डालरिंपल मेटलंड बेल या स्कॉटिश माणसाने. स्वतः ठेवलेल्या हिशेबानुसार त्याने आयुष्यात १,०११ हत्ती मारले. त्यांपैकी सुमारे ८०० हत्ती पडले ते जेमतेम ७ मिलिमीटर व्यासाच्या, म्हणजे पेन्सिलीएवढ्या जाडीच्या गोळीने. युगांडाच्या ईशान्येकडील करामोजा प्रदेशात त्याने नाव कमावले, म्हणून तो ‘करामोजो बेल’ या नावाने ओळखला जाऊ लागला. आज हा आकडा वाचताना अंगावर काटा येतो. तरीही आफ्रिकेतील धोकादायक प्राण्यांसाठी काडतूस कसे निवडावे, याची चर्चा शंभर वर्षांनंतरही बेलच्या नावाशिवाय पुरी होत नाही.

बेलच्या आधीची पिढी काळ्या दारूच्या बंदुकांची होती. फ्रेडरिक सेलूस हा प्रख्यात शिकारी १८७० च्या दशकात ज्या बंदुकांनी हत्ती मारीत असे, त्यांतून शिशाचा जवळजवळ पाव पौंडाचा गोळा सुटे. बार उडाला की खांद्याला असा हिसका बसे की पुढे कित्येक वर्षे सेलूस त्या बंदुकांना दोष देत राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॉर्डाइट ही धूरविरहित दारू आली आणि चित्र पालटले. गोळीचा व्यास घटला, वेग वाढला. मात्र मोठ्या शिकारीसाठी दुनळी आणि जाड गोळीच हवी, हा संस्कार कायम राहिला.

बेलचा जन्म १८८० साली एडिंबरोजवळच्या एका सधन घराण्यात झाला. आईवडील लहानपणीच वारले आणि थोरल्या भावांनी त्याचा सांभाळ केला. शाळेत मन रमेना, तेव्हा कोवळ्या वयातच तो जहाजावर चढला. १८९७ च्या सुमारास तो मोंबासाला उतरला. युगांडा रेल्वेचे काम तेव्हा जोरात सुरू होते आणि त्यासाठी हिंदुस्थानातून हजारो मजूर नेले गेले होते. त्या मजुरांवर सिंहांचे हल्ले होत. रेल्वेच्या तळांचे सिंहांपासून रक्षण करण्याच्या कामी किशोरवयीन बेल एकबारी रायफल घेऊन रुजू झाला. त्यानंतर सोन्याच्या ओढीने तो कॅनडातील क्लोंडाइकला गेला आणि तिथे शिकारीचे मांस विकून त्याने गुजराण केली. पुढे कॅनडाच्या घोडदळातून तो बोअर युद्धात उतरला. घोडा गोळी लागून कोसळल्याने तो शत्रूच्या हाती सापडला, पण निसटून परत आला. योगायोग असा की, त्या युद्धात बोअरांच्या हाती जी माउझर रायफल होती, तिच्याच ७ मिलिमीटरच्या काडतुसाने पुढे बेलचे नाव झाले. लंडनच्या रिग्बी कंपनीने हेच काडतूस पॉइंट २७५ या नावाने विकले. आपल्याकडे जिम कॉर्बेटला चंपावतच्या वाघिणीच्या शिकारीबद्दल १९०७ साली भेट मिळालेली रायफलही याच काडतुसाची होती.

१९०२ मध्ये युद्ध संपले आणि बेल हस्तिदंताच्या व्यापारात शिरला. सुरुवातीला त्याच्याजवळ एक जड दुनळी आणि पॉइंट ३०३ ची लष्करी बनावटीची रायफल अशा दोन बंदुका होत्या. मोठीच बंदूक अधिक परिणामकारक आहे की काय, हे तो अनुभवातून तपासू लागला. त्याला दिसले ते असे, की गोळी मेंदूत शिरली तर हत्ती जागीच बसतो, मग ती जाड असो वा बारीक. गोळी मेंदू चुकवून भलतीकडे गेली, तर जाड गोळीनेही तो थांबत नाही. मग प्रश्न उरला तो एकच: मेंदू नेमका असतो कुठे?

उत्तरासाठी बेलने मेलेल्या हत्तीची कवटी करवतीने उभी चिरून पाहिली. गंडस्थळाचा तो भव्य डोलारा म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ हाडांचा ढीग असतो. पाचेक किलो वजनाचा मेंदू त्यामागे, बराच खाली दडलेला असतो. हत्तीने डोके वर केले वा खाली घातले, तो समोर उभा असला वा आडवा, की नेम धरण्याची जागा बदलते. हे सारे कोन बेलने मनात पक्के केले. पाठमोऱ्या, तिरप्या उभ्या हत्तीच्या मानेतून मेंदूपर्यंत गोळी पोहोचवण्याची त्याची रीत पुढे त्याच्याच नावाने ओळखली गेली.

काडतुसाची निवड या शरीरज्ञानातून झाली. हाडांच्या त्या पोळ्यातून सुमारे अर्धा मीटर सरळ जायचे, तर गोळी वाकता कामा नये, फुटता कामा नये आणि वाट सोडता कामा नये. टोकाशी शिसे उघडे असलेली गोळी लागताक्षणी पसरते. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात बनलेल्या अशाच गोळ्यांमुळे ‘दमदम गोळी’ हा शब्द जगभर गेला. सिंहासारख्या पातळ कातडीच्या, चपळ प्राण्यासाठी ती योग्य, कारण तिची ताकद प्राण्याच्या अंगातच खर्च होते. हत्तीच्या कवटीत मात्र ती पसरून वाटेतच अडकते. बेलने निवडली ती पूर्ण धातूच्या आवरणाची, गोल टोकाची, व्यासाच्या मानाने लांब आणि जड गोळी. युद्धात माणसाच्या शरीरात गोळी पसरू नये म्हणून १८९९ च्या हेग परिषदेने पसरणाऱ्या गोळ्यांना मनाई केली होती. त्यामुळे सैन्यांसाठी अशा आवरणबंद गोळ्या विपुल बनत आणि त्या स्वस्तही पडत.

आकडे पाहिले तर बेलचे धाडस लक्षात येते. पॉइंट ५७७ च्या अवजड दुनळीची गोळी सुमारे ४८ ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला ६२५ मीटरच्या आसपास. बेलची गोळी ११ ग्रॅमची, वेग ७०० मीटर. मोठ्या गोळीची ऊर्जा साडेतीन पटींच्या घरात जाते. पण बेलच्या रायफलीचे वजन अवजड दुनळीच्या निम्म्याच्या आसपास होते, धक्का सौम्य होता, आवाज लहान होता. एक नर कोसळला तरी कळप पुष्कळदा बुजत नसे. दोन बारांनंतर थांबण्याची गरजही नव्हती.

रायफल नोकराच्या खांद्यावर न देता बेल ती स्वतः वाहत असे आणि चालता चालता रिकाम्या रायफलीने नेम धरण्याचा सराव करीत असे. एका हत्तीमागे त्याला सरासरी शंभर किलोमीटरहून अधिक चालावे लागे. हत्तींची खबर देणाऱ्या करामोजोंग लोकांना तो गाय बक्षीस देई आणि मांसही त्यांच्यासाठी सोडून देई.

काडतुसाच्या विश्वासार्हतेबद्दल बेल अत्यंत काटेकोर होता. पॉइंट २५६ ची नाजूक मॅनलिकर रायफल त्याला मनापासून आवडे, पण तिच्या काडतुसांनी दगा दिल्याने त्याने ती बाजूला ठेवली. पॉइंट ३१८ बाबतही तेच घडले. जर्मन बनावटीच्या ७ मिलिमीटर काडतुसांनी मात्र त्याला निराश केले नाही. उष्ण प्रदेशात कॉर्डाइटचा दाब वाढतो आणि उडालेले टरफल नळीत घट्ट बसू शकते. हत्ती तीस पावलांवर असताना अडकलेले टरफल म्हणजे मृत्यूच. तक्त्यातील ऊर्जेच्या आकड्यापेक्षा प्रत्येक काडतूस खात्रीने उडणे त्याला मोलाचे वाटे, ते यामुळेच.

बेलच्या या यशाचा अर्थ मात्र पुष्कळांनी चुकीचा लावला. लहान रायफल पुरते, एवढेच त्यांनी उचलले आणि कवटीचा अभ्यास सोडून दिला. करामोजाचा मुलूख बराचसा मोकळा होता आणि तिथल्या हत्तींना बंदुकीची फारशी ओळख नव्हती. दाट झाडोऱ्यात दहा पावलांवरून चाल करून येणारा जखमी हत्ती किंवा गवा रोखायचा, तर नेमाला अवधी मिळत नाही आणि तिथे जड गोळीचा आघातच कामी येतो. १९४८ साली जॉन टेलर या शिकाऱ्याने आफ्रिकेतील रायफली आणि काडतुसांवर लिहिलेल्या ग्रंथात मोठ्या गोळीची बाजू सविस्तर मांडली. पुढे आफ्रिकेतील अनेक देशांनी धोकादायक प्राण्यांच्या शिकारीसाठी पॉइंट ३७५ ही किमान मर्यादा ठरवली. बेलची रायफल अशा ठिकाणी हत्तीसाठी बेकायदा आहे. सामान्य माणूस चुकणारच, हे गृहीत धरून कायदा केला जातो.

करामोजानंतर बेल लाडो एन्क्लेव्हमध्ये गेला, मध्य आणि पश्चिम आफ्रिकेतही फिरला. पहिल्या महायुद्धात तो वैमानिक झाला. टेहळणीच्या वेळी नजरेआड काही येऊ नये म्हणून तो सोबतीला बसणाऱ्या निरीक्षकाशिवायच उडत असे, असे सांगितले जाते. त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला. १९२३ मध्ये त्याचे हत्तीच्या शिकारीवरील पुस्तक स्वतः काढलेल्या चित्रांसह प्रसिद्ध झाले. उत्तरायुष्य त्याने स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, शिडाच्या नौकेच्या नादात घालवले. १९५४ साली तो वारला.

बेलने हत्तीचे शरीर जितके बारकाईने अभ्यासले, तितके त्याच्या काळात फार थोड्यांनी अभ्यासले असेल. पण ते ज्ञान हस्तिदंताच्या बाजाराच्या सेवेला लागले. एका नेमक्या गोळीमुळे हत्तीला यातना कमी झाल्या, हे खरे. पण एक काडतूस म्हणजे एक हत्ती, असा हिशेब जमल्यामुळेच एका माणसाला हजाराचा पल्ला गाठता आला, हेही तितकेच खरे. केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ मध्ये बंदी ठरली. करामोजाच्या उत्तर टोकाला आज किडेपो राष्ट्रीय उद्यान आहे आणि हत्ती तिथे संरक्षित आहेत. गोळी कशी निवडावी, हे बेलने अचूक सांगितले. ती किती वेळा झाडावी, हे ठरवायला मात्र जगाला त्याच्यानंतर आणखी काही दशके लागली.